मैत्रिणीच्या घरचा नाताळ आणि आपला मुक्काम

प्रश्न : मी मूळची नाशिकची, वय २८, पुण्यात नोकरी करते. कॉलेजपासूनचा आमचा पाच जणांचा गट आहे. त्यातील एक मैत्रीण दक्षिण गोव्यात साष्टी तालुक्यातील एका गावची, कॅथलिक कुटुंबातील. तिच्या आईने आम्हा चौघांना यंदा नाताळासाठी घरी बोलावले आहे आणि ‘नव्या वर्षापर्यंत थांबा’ असा आग्रह केला आहे. आमच्यातील दोघे मित्र म्हणतात की गोव्याला जाऊन चर्चमध्ये काय बसायचे, २४ तारखेच्या रात्री बागाच्या किनाऱ्यावर जाऊ आणि झोपायला तिच्या घरी येऊ. मी शाकाहारी आहे, अंडेही खात नाही, त्यामुळे सणाच्या घरात सगळ्यांची पंचाईत होईल अशी धास्ती वाटते. मध्यरात्रीच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक प्रार्थनेला, आम्ही गेलेले चालते का, हेही ठाऊक नाही. माझी आई म्हणते, दुसऱ्याच्या सणात आठ-नऊ दिवस ठाण मांडून बसू नये. (मैत्रीण बोलता बोलता म्हणाली की ऑगस्टमध्ये आजी गेल्यामुळे यंदा त्यांच्या दारावर तारा लागणार नाही.) किती दिवस राहावे, काय न्यावे आणि या दोघांना काय सांगावे?

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही कंसात टाकली आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते.

गोव्यातील ख्रिस्ती घरांत डिसेंबर उजाडला की सणाची चाहूल लागते. बाल्कांवाच्या, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओसरीच्या, पुढे कागदी तारा टांगला जातो, घरात किंवा अंगणात येशूजन्माचा गोठा उभा राहतो, त्यातील हिरवळीसाठी काही जण आधीपासून नाचणी रुजत घालतात, आणि नाताळाच्या आधीच्या आठवड्यात आया, मावश्या व शेजारणी एकत्र बसून नेवऱ्या, कुलकुल, दोदोल, दोस करतात. या गोडाची तबके मग शेजारीपाजारी जातात, आणि त्यांत हिंदू शेजारीही असतात, कारण चतुर्थीला आणि दिवाळीला त्यांच्याकडून फराळ आलेला असतो. मात्र ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झालेला असतो, तिथे साधारणपणे तारा लागत नाही, गोडधोड घरी केले जात नाही आणि गाणेबजावणेही टाळले जाते. घरची माणसे मिस्साला जातात, एकत्र जेवतात, पण सण वाजतगाजत होत नाही. अशा घरात शेजारी आणि नातेवाईक स्वतःहून गोड आणून देतात. हे तुम्हाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी, कारण आपल्याकडेही घरातील माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीला कढई चढत नाही आणि फराळाचे डबे बाहेरून येतात. तुमची मैत्रीण ताऱ्याविषयी जे बोलली, ते तिने सहज सांगितल्यासारखे दाखवले असले तरी त्यातून तिने तुम्हाला घराची अवस्था कळवली आहे.

आता प्रश्न असा की आमंत्रण कोणत्या मनाने दिलेले आहे. एक शक्यता अशी की आजीविना पहिला नाताळ रिकाम्या घरात काढणे आईला जड जाणार आहे, आणि चार तरुण मुलांचा वावर तिला खरोखरच हवा आहे. दुसरी शक्यता अशी की हे आमंत्रण उन्हाळ्यातच दिले गेले होते, आजी त्यानंतर गेल्या, आणि दिलेला शब्द मागे घेणे त्या कुटुंबाला प्रशस्त वाटत नाही. पत्रावरून यातील काय खरे ते मला ठरवता येत नाही, आणि तुम्हीही तर्कावर ठरवू नये. मैत्रिणीला विचारा, पण प्रश्न नीट घाला. ‘आम्ही आलो तर चालेल ना?’ असे विचारल्यास ती ‘अगं, याच’ असेच म्हणेल, कारण त्या प्रश्नाला दुसरे उत्तर देण्याची सोयच नसते. त्याऐवजी तिला म्हणा, ‘आजींनंतरचा हा पहिलाच नाताळ आहे. आईला या दिवसांत घरात माणसे हवीशी वाटतील की शांतता? आम्ही जानेवारीच्या अखेरीस दोन दिवस आलो तरी आम्हाला तितकेच आवडेल.’ पर्याय खरा असला, म्हणजे तुम्ही जानेवारीत सुटी काढायला मनापासून तयार असलात, तरच हे बोला. हे बोलणे गटाच्या संभाषणात न करता तिच्याशी एकटीने फोनवर करावे, कारण चौघांच्या समोर ती मोकळेपणाने उत्तर देणार नाही.

‘नक्की या’ असे उत्तर आले, असे धरून पुढचे लिहिते.

मुक्कामाच्या बाबतीत तुमच्या आईंचे म्हणणे मला निम्मे पटते. सणाला जाऊ नये, असे त्या म्हणत नाहीत. ठाण मांडू नये, असे म्हणतात, आणि ते योग्यच आहे. माझ्या मते २३ तारखेच्या संध्याकाळी पोहोचावे आणि २६ तारखेला सकाळच्या न्याहारीनंतर निघावे. तीन रात्री पुरेशा आहेत. २४ चा दिवस स्वयंपाकाचा आणि रात्रीच्या मिस्साचा असतो, २५ ची दुपार मोठ्या जेवणाची आणि संध्याकाळ भेटीगाठींची असते. त्यानंतर दुखवट्यातील घराला आपापल्या नातेवाइकांसाठी आणि स्वतःसाठी वेळ लागतो. ‘नव्या वर्षापर्यंत थांबा’ हे आईने मनापासून म्हटले असेल यात मला शंका नाही. परंतु एका न्हाणीघराच्या घरात चार पाहुणे नऊ दिवस म्हणजे काय असते, हे त्या बोलणार नाहीत, म्हणून ते तुम्हीच ओळखायचे. निघण्याची तारीख आत्ताच कळवून टाका. पाहुण्यांचे जाणे अनिश्चित असले की यजमान रोज संध्याकाळी उद्याच्या जेवणाचा हिशेब नव्याने मांडत बसतात.

तुमच्या दोन मित्रांविषयी मी थोडी कडक बोलणार आहे. बागा हा उत्तरेकडील बार्देश तालुक्यातील किनारा आहे आणि मडगाव परिसरातून तो सुमारे ५० किलोमीटर दूर आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कळंगुट-बागा भागातील रस्ते तुंबलेले असतात. तिथून रात्री तीन-चार वाजता, बहुधा मद्य घेऊन, साष्टीतील एका गावात परत यायचे, ज्या घरी आजीचे वर्षही सरलेले नाही त्या घराचे दार वाजवायचे आणि जागी राहिलेल्या आईला कडी काढायला लावायची, या बेताला मी सहल म्हणणार नाही. मित्रांना मौज करायची असेल तर त्यात काहीही गैर नाही. गैर आहे ते दुसऱ्याचे घर फुकटच्या लॉजसारखे वापरण्यात. तेव्हा त्यांच्यासमोर दोन सरळ पर्याय ठेवा. त्यांनी २३ ते २६ घरच्यांच्या वेळापत्रकाप्रमाणे राहावे आणि २६ नंतर स्वतःच्या खर्चाने खोली घेऊन हवे तिथे जावे. किंवा पहिल्यापासूनच उत्तर गोव्यात उतरावे आणि २५ ला दुपारच्या जेवणाला तेवढे घरी यावे. तिसरा पर्याय देऊ नका. हे त्यांना सांगण्याचे काम मैत्रिणीवर मुळीच टाकू नका, कारण यजमानीण म्हणून तिची जीभ बांधलेली आहे. आणि २६ नंतरच्या बेतात तिने आलेच पाहिजे असा हट्टही धरू नका. ३१ डिसेंबरच्या पार्टीला ती नको म्हणाली, तर त्यामागचे कारण तुम्हाला आता ठाऊक आहे.

समुद्र तर तुम्हाला तिच्या घराजवळच मिळणार आहे. साष्टीचा किनारा हा वाळूचा जवळजवळ सलग पट्टा आहे. माजोर्डा, कोलवा, बाणावली, वार्का ही त्याचीच गावे. कोलव्याला त्या दिवसांत गर्दी असते, परंतु बाणावलीच्या दक्षिणेला सकाळी सातच्या सुमारास गेलात, तर मासेमारांच्या होड्या आणि जाळी ओढणारी माणसेच अधिक भेटतील. दुपारी पारा ३२ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा पाण्याची वेळ सकाळची किंवा संध्याकाळची ठेवा. जीवरक्षक असतील तिथेच आणि त्यांनी लावलेल्या निशाणांच्या आतच पोहावे. अंधार पडल्यावर पाण्यात उतरू नये. उघड्या किनाऱ्यावर मद्य पिणे गोव्यात २०१९ पासून दंडनीय आहे, हे त्या दोघांच्या कानावर मुद्दाम घाला. भाड्याने दुचाकी घ्यायची झाल्यास काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांत क्रमांक असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी स्वस्तात देऊ केली, तर ती भाड्याने देण्याचा परवाना त्याच्याकडे नसतो आणि अडचणीत तुम्ही येता.

मिस्साला जावे का, याचे उत्तर ‘अवश्य जावे’ असे आहे, फक्त मैत्रिणीच्या घरच्यांसोबत जावे. चर्चची दारे त्या रात्री सर्वांना उघडी असतात, आणि गोव्यातील हिंदू-ख्रिस्ती शेजाराला हे नवे नाही. शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाची मिलाग्रिस सायबीण, म्हणजे चर्चमधली मेरीमाता, या बहिणी मानल्या जातात आणि एकमेकींच्या उत्सवात तेल-फुलांची देवाणघेवाण होते, ही गोष्ट तुमच्या आईंना सांगितलीत तर त्यांना आवडेल असे वाटते. साष्टीतील कित्येक गावांत नाताळच्या रात्रीचा मिस्सा चर्चसमोरच्या मोकळ्या मैदानात होतो, कारण सगळा गाव आत मावत नाही. मिस्साची वेळ गावागणिक वेगळी असते; काही ठिकाणी तो रात्री दहा-साडेदहालाच सुरू होतो, म्हणून ती आधी विचारून घ्यावी. उघड्यावर दीड-दोन तास बसायचे आणि वरून दव पडायचे, तेव्हा दिवसभर घामाघूम झालेल्या माणसालाही रात्री एखादी शाल लागतेच. कपडे सणाचे असावेत, पण साधे. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत; समुद्रावरची आखूड चड्डी तिथे शोभत नाही. सलवार-कुर्ता किंवा साडी उत्तम. घरच्या बायका दुखवट्यामुळे गडद किंवा फिक्या रंगांत असतील, तर तुम्हीही भडक रंग टाळावेत.

आत काय करायचे, याची भीती बाळगू नका. लोक उभे राहिले की उभे राहावे, बसले की बसावे. गुडघे टेकण्याची तुमच्यावर सक्ती नाही. प्रार्थना कोंकणीत असेल आणि मराठी माणसाला तिचा बराचसा अर्थ आपोआप लागतो. एकच नियम काटेकोरपणे पाळायचा आहे. कम्युनियनच्या वेळी लोक रांगेने पुढे जाऊन जी पवित्र भाकर घेतात, ती कॅथलिक दीक्षा झालेल्यांसाठीच असते. तो आपल्याकडच्यासारखा सर्वांना वाटायचा प्रसाद नव्हे. त्या रांगेत कुतूहलाने उभे राहू नये, आपल्या जागी शांत बसावे. कोणालाही त्यात वावगे वाटत नाही. शेवटी बाळ येशूच्या मूर्तीचे चुंबन घ्यायला रांग लागते. तिथे जायचे असल्यास जावे, नुसते हात जोडले तरी चालते, जाऊ नये वाटले तर तेही चालते. फोन बंद ठेवा आणि वेदीची छायाचित्रे मिस्सा संपल्यानंतर, तीही विचारून, काढा. मिस्सा संपल्यावर गावातील लोक एकमेकांना शुभेच्छा देत तिथेच रेंगाळतात. मैत्रिणीच्या आईजवळ येऊन कोणी आजींविषयी बोलू लागले, तर दोन पावले मागे सरून त्यांना बोलू द्यावे.

घरी संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होत असेल. त्या वेळी खोलीत जाऊन फोनवर बसण्यापेक्षा बाल्कांवात किंवा मागच्या बाजूला शांत बसलेले अधिक बरे दिसते.

जेवणाची तुमची धास्ती समजते, पण ती फोनवरच्या दोन वाक्यांनी मिटण्यासारखी आहे. अडचण शाकाहारी पाहुण्याची नसते. पानावर बसल्यानंतर ‘मी हे खात नाही’ असे जाहीर करणाऱ्या पाहुण्याची असते. मैत्रिणीकरवी न सांगता तिच्या आईंशी स्वतः बोला आणि अंडेही खात नसल्याचे स्पष्ट सांगा, कारण अनेकांच्या लेखी अंडे शाकाहारात मोडत नसले तरी केकमध्ये गेलेले अंडे कोणाच्या लक्षात राहत नाही. या सणाचा मानाचा पदार्थ म्हणजे डुकराच्या मांसाचे सोरपोतेल. ते दोन-तीन दिवस आधी करून मुरवले जाते आणि रोज गरम करताना त्याची चव चढत जाते, म्हणजे ते घरात शिजत असणार आणि त्याचा वासही येणार. तेव्हा नाकाला रुमाल लावू नका. सोरपोतेलाबरोबर खायच्या सान्नां मात्र तांदूळ, नारळ आणि माडाची सूर (माडी) यांपासून वाफवलेल्या असतात. सुरेची अडचण नसेल तर त्या तुमच्या हक्काच्या आहेत. पुलावासारखा भात दिसला तर तो मांसाच्या रश्शात शिजवलेला नाही ना, एवढे विचारून घ्या. गोडात बेबिंक, बोलिन्यास आणि बातीक यांत अंडी असतात. दोदोल तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाच्या गुळाचा, दोस चण्याची डाळ आणि खोबऱ्याचा, पिनाग उकड्या तांदळाचा, खोबऱ्याचा आणि गुळाचा. यांत सहसा अंडे नसते. नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्यांच्या बहिणीच. कुलकुलांबाबत विचारून घ्यावे, काही घरांत पिठात अंडे घालतात. याउपर सोबत थोडे मेतकूट आणि चटणी असू द्या, आणि एक जेवण तुम्ही स्वतः रांधण्याची तयारी दाखवा. २४ च्या दुपारी, सगळे रात्रीच्या तयारीत असताना, वरणभात, बटाट्याची भाजी आणि कोशिंबीर असे साधे जेवण तुम्ही चौघांनी मिळून वाढलेत, तर तुमचाही प्रश्न सुटेल आणि आईंनाही दुपारी तासभर आडवे होता येईल. फेणीचा किंवा वाइनचा पेला पुढे आला आणि नको असला, तर हसून ‘नको’ म्हणावे. कारणे सांगत बसू नये.

काय न्यावे, याचे उत्तर कंसातल्या त्या वाक्यात दडलेले आहे. एरवी मी सांगितले असते की गोड नेऊ नका, ते घर गोडानेच भरलेले असते. यंदा मात्र घरी काही केले जाणार नाही, म्हणून गोड बाहेरूनच यायचे आणि ते नेणाऱ्यांत तुम्ही असावे हेच रीतीला धरून आहे. घरी केलेले बेसनाचे किंवा रव्याचे लाडू, चिवड्याचा मोठा डबा आणि नाशिकचे बेदाणे न्या. प्रवासात हे टिकते आणि येणाऱ्याजाणाऱ्यांपुढे ठेवता येते. तुमच्या आईंनी लाडू करून दिले तर त्यांचाही या सणात हातभार लागेल आणि त्यांचा विरोध बहुधा मावळेल. भलामोठा सजवलेला केक, दिव्यांच्या माळा, लाल टोप्या, गाणी वाजवणारा स्पीकर हे सगळे पुण्यातच राहू द्या. ‘आम्ही घर सजवतो, आंटी, तुम्हाला बरे वाटेल’ हा उत्साह तर कटाक्षाने टाळा. ज्या घराने तारा न लावण्याचे ठरवले आहे, तिथे पाहुण्याने तो लावायचा नसतो. आजींच्या थडग्यावर घरची मंडळी फुले आणि मेणबत्त्या घेऊन जाणार असतील, तर ‘आम्ही आलो तर चालेल का?’ असे विचारा आणि फुले तुम्ही घ्या.

राहण्याचे पैसे देऊ करू नका, तो अपमान ठरेल. पण मडगावच्या बाजारातून भाजी, फळे आणि नारळ आणणे, गॅसचा सिलिंडर उचलून देणे, शेजाऱ्यांकडून आलेली तबके धुऊन परत पोहोचवणे, मिस्सानंतर आलेल्यांना चहा देणे ही कामे न विचारता हातात घ्यावीत. मासळी आणायला मात्र तुमच्या मित्रांना घरच्या कोणाबरोबर तरी पाठवा. एकटे गेले तर भावही चुकेल आणि मासाही.

प्रवासाची व्यवस्था लांबवू नका. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते आणि नाताळच्या तारखा पहिल्या दिवशीच भरतात. पुण्याहून मिरज-लोंढामार्गे जाणारी गोवा एक्सप्रेस मडगावला पोहोचते. ती मिळाली नाही तर मुंबईला जाऊन कोकण रेल्वेची मांडवी, कोकणकन्या किंवा जनशताब्दी पाहावी. खासगी बसचे भाडे त्या आठवड्यात दुपटीच्याही वर जाते, म्हणून तो शेवटचा मार्ग समजा. परतीचे किंवा पुढच्या मुक्कामाचे आरक्षण २६ तारखेचेच करा, आणि तुम्हाला आणखी दोन दिवस समुद्रावर काढायचे असतील तर काणकोण तालुक्यात आगोंद किंवा पाळोळे इथे खोली बघा. मात्र या सगळ्याच्या आधी मैत्रिणीला तो एक फोन करा, कारण तिचे उत्तर ‘जानेवारीत या’ असे आले, तर वरील तारखा बदलून शेवटच्या शनिवार-रविवारच्या करायच्या आहेत आणि लाडवांचा डबा तेव्हाही न्यायचाच आहे.